उलटी पावडी

माझ्या नातवंडांनो,

रविवारी फोनवर तुम्ही दोघं सांगत होतात की झोपेत पोटरीत गोळा येतो आणि पाय धरून बसावं लागतं. उपाय तेव्हाच सांगितला असता, पण तो मी ज्यांच्या पायावर शिकले ते शेजारचे मामाजी तुम्हाला ठाऊक नाहीत. म्हणून हे पत्र.

अख्ख्या पवनीत स्वतःच्या पायाशी भांडणारा माणूस एकच होता, तो म्हणजे मामाजी. सून त्यांना मामाजी म्हणायची, म्हणून गल्लीही म्हणायची. ते जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायच्या हातमागावर लुगडी विणत. दिवसभर पायांनी मागाच्या पावड्या दाबायच्या आणि रात्री डाव्या पोटरीत गोळा आला की ओरडून गल्ली उठवायची, असा त्यांचा नेम. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या सुमाराला मला म्हणाले, “बाई, गोंदिया गेला तसा हा पायही वेगळा होऊन राहिला. माझं ऐकतच नाही.”

निदान त्यांचं पक्कं होतं. “धाग्यावर धागा चढते तशी नसेवर नस चढते जी.” म्हणून अंगठ्याला काळा दोरा आणि उशाशी मागावर आडवा धागा नेणारा धोटा. एकदा तर त्यांनी पायासमोर नारळ फोडला. पाणी प्या, झोपण्याआधी पोटऱ्या ताणा, डॉक्टरांना दाखवा, असं मी सांगत राहिले. ते हसायचे. “ते इंग्रजी शिकलेल्या पायाले चालते, बाई.”

शेवटी सुनेनं बजावलं, “मामाजी, आता ओरडले तं माग मोडून चुलीत घालीन.” मामाजींचा चेहरा उतरला. मागाशिवाय दिवस कसा काढतात हे त्यांना माहीतच नव्हतं. त्याच दिवशी निमूट डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्या, काळजीचं काही निघालं नाही. तरी ओरडणं सुरूच.

मग एका दुपारी मी समोर असतानाच मागाच्या खड्ड्यातून उठताना गोळा आला. मामाजींनी दात आवळून पायाची बोटं खाली दाबली, जोरात.

“अहो, हे काय करता?”

“गुतलेला धागा पावडी दाबली की सुटते!”

इतकी वर्षं हा माणूस गोळा आलेल्या पायानं पावडी दाबत होता आणि गोळा आणखी आवळत होता! मी त्यांचा गुडघा सरळ केला, बोटं धरून पाऊल त्यांच्याकडे वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. पोटरी हळूहळू सैल पडली. मामाजी मात्र घाबरले. “बाई, तुम्ही माझे पाय धरले! आता पाप कोणाले लागन?” आणि माझ्या पाया पडायला वाकले. मी म्हटलं, “आधी पाय सरळ ठेवा. आणि रात्री गोळा आला की स्वतःच बोटं अशी वर ओढा.”

दुसऱ्या दिवशी सून डोळे चोळत आली. “रातभर आवाजच नाही. मी भेवानं दोनदा उठून पाहून आली, श्वास चालू हाये का म्हणून.”

माग वाचला. मामाजी त्यावर आणखी कितीतरी वर्षं विणत राहिले, आणि त्या युक्तीला ‘उलटी पावडी’ म्हणू लागले. बसस्टँडवर लाखांदूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या अनोळखी माणसालाही बाकावर बसवून ती शिकवायचे.

मामाजी गेले. पुढे मागाला वाळवी लागली, खड्डा बुजला, तिथे आता सुनेची शिलाई मशीन आहे. गल्लीत एकही माग उरला नाही. नवीन पोरांनी पावडी पाहिलेलीसुद्धा नाही. पण कुणाच्या पोटरीत गोळा आला की घरातून कुणीतरी ओरडतं, “उलटी पावडी मार!” तेवढं अजून आहे.