कंडक्टर मामांचा मका

मक्याचं कणीस निखाऱ्यावर ठेवण्याआधी कंडक्टर मामा त्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे. एक टकटक म्हणजे गाडी थांबली, दोन म्हणजे सुटली. हा एसटीचा नियम त्यांनी निवृत्त झाल्यावरही सोडला नव्हता. चहाच्या कपावर दोनदा टकटक, मग पहिला घोट. माझ्या स्कुटीच्या सीटवर दोनदा टकटक, मग मी कुडव्याला परत निघायचं. एकदा तर माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत ताटावर टकटक केली, आणि वाढणारी पोरं भात संपला असं समजून धावत आली. मामीने कपाळावर हात मारून घेतला.

ते माझ्या आईचे धाकटे भाऊ. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा या रस्त्यांवर सारी नोकरी उभ्याने केलेली. गाव त्यांना नुसतं ‘कंडक्टर’ म्हणायचं. मी कुडव्याच्या एका मेडिकल दुकानात काम करते, म्हणून त्यांनी माझं नाव ‘मेडिकल’ ठेवलं होतं. दर रविवारी मी त्यांच्या गावी पोचले की ओसरीवरूनच हाक यायची, “जय भीम, मेडिकल! आज गाडी टायमावर हाय!”

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे ‘पुढे सरका’. म्हशीला, पाहुण्यांना, उंबऱ्यात अडलेल्या कोंबडीला, सगळ्यांना तेच. “गाडी मागून भरली दिसते, पन पुढं रिकामीच रायते,” ते सांगायचे. “लोकं दरवाज्यातच गर्दी करते. तीस वर्सं मी एकच काम केलो. लोकाले पुढं सरकवलो.” हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची, जणू अख्खा जिल्हा त्यांनीच हाताने ढकलत पुढे नेला होता.

निवृत्तीनंतर असा माणूस स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. त्यांच्या वाट्याला दोन एकर धानाची जमीन होती. आमच्याकडे पावसाळ्यात धान आणि धानच. ज्याच्याकडे भरपूर पाणी तो उन्हाळीही धानच लावणार, बाकीच्यांच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, धान कापल्यावर पुढच्या पावसापर्यंत मोकळ्या. मका आम्हाला ठाऊक नव्हता असं नाही. घरामागच्या वाडीत, कुंपणाला लागून दहा-वीस ताटं असायचीच. पण ते पोरांच्या तोंडाची चव म्हणून. धानाच्या बांधीत मका पेरावा, असं कोणाच्या डोक्यातही येत नसे.

मामांच्या डोक्यात आलं, कारण ते आयुष्यभर रस्ता बघत आले होते. त्या रस्त्यावरून मक्याचे ट्रक जायचे. कुठून कुठून निघालेले, कोंबडीच्या खाद्याच्या कारखान्यांना, स्टार्चच्या कारखान्यांना आणि हल्ली पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल बनवणाऱ्यांना माल पोचवणारे. “आपल्या दारावरून दुसऱ्याचा मक्का जाते,” मामा तळमळून म्हणायचे, “आन् आपली बांधी सहा महिने घोरत पडली रायते! काऊन?”

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. कृषी कार्यालयातली पुस्तिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, मोबाइलवरचे व्हिडिओ. जे वाचलं ते रविवारी माझ्यावर ओतायचे, आणि मक्याचा इतिहास सांगण्याची त्यांची पद्धत अशी, की इतिहासाच्या मास्तरांनी पाय धरावेत. “हे पाह्य मेडिकल, मक्का बसला मेक्सिकोले. पयला स्टॉप. तिथल्या लोकायनं त्याले हजारो वर्सं पोसलं. मंग जहाजाची गाडी. उतरला युरोपात. तिथं गाडी बदलली, पोर्तुगीज लोकायच्या संगं निघाला आन् हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला. तिथून साऱ्या देशात गेला. आपल्या बांधीत यायलेच एवढी शतकं लागली.” मग माझ्याकडे रोखून बघत, “पन गाडी लेट हाय. रद्द नाही!”

हे ऐकायला बरेचदा रूपचंदकाका असायचे. शेजारच्या बांध्या त्यांच्या आणि गावातली सर्वांत जास्त ढोरंही त्यांचीच. ते तंबाखू मळत विचारायचे, “तिकीट कोन काढलं होतं गा त्याचं?” मामा अजिबात न डगमगता म्हणायचे, “फुकट्या होता. म्हनूनच त्याले कोनी आतापर्यंत बसाले जागा देल्ली नाही.”

माझ्या दुकानाचीही सुटका नव्हती. एकदा मी बोलता बोलता सांगून बसले, की गोळ्या बांधायला जो स्टार्च लागतो तो पुष्कळदा मक्याचाच असतो आणि सलाईनमधलं ग्लुकोजसुद्धा मक्यापासून काढतात. मामा खुर्चीतून उठून उभेच राहिले. “म्हन्जे तू मेडिकल नाही, मक्क्याचं दुकान चालवून राहिली!” पुढच्या आठवड्यात ते खास कुडव्याला आले, काउंटरपाशी उभे राहिले आणि गिऱ्हाइकांना एकेक गोळी दाखवून सांगू लागले. तापाने फणफणलेला एक माणूस बिचारा दुकानभर बघत राहिला. मालक मला म्हणाले, “आपके मामाजी को अगली बार फोन पे ही बात करने बोलो.” मी हसून हसून बेजार झाले होते.

उत्साहाला तोटा नव्हता. अडचण होती ती ढोरांची. आमच्याकडची रीत अशी, की धान कापून झाला की गुरं मोकळी सुटतात. राखण नाही, दावं नाही, कोणाच्याही बांधीत शिरावं आणि उरलंसुरलं चरावं. सगळ्यांच्या बांध्या रिकाम्या असताना त्यात कोणाचं काही बिघडत नाही. पण एकट्याने हिरवं पीक उभं केलं, तर साऱ्या गावाची गुरं तिथेच पंगतीला येणार. पहिल्या वर्षी तेच झालं. मामांनी काटेरी झाडाच्या फांद्या रचून कुंपण घातलं, आणि मका गुडघ्याएवढा झाला त्या आठवड्यात ढोरांनी तो बुडख्यापर्यंत खाल्ला. रूपचंदकाकांचा बैल तर कुंपण तोडून आत बसून रवंथ करत होता.

आता आमच्या घराण्यातला कोणीही माणूस भांडायला गेला असता. मामा शांतपणे काकांच्या ओसरीवर गेले आणि म्हणाले, “रूपचंद, तुज्या बैलाले मक्का आवडला. पयला गिऱ्हाईक तोच.”

दुसऱ्या वर्षी त्यांनी काकांची मनधरणी सुरू केली. पूर्ण गावाची नको, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेच्या आपल्या पट्ट्यातली ढोरं तेवढी एक हंगाम बांधून ठेवायची. काकांचा सवाल रोकडा होता, “मंग माजी ढोरं खातील काय? त्यायले तुजा पास दाखवू का?” मामांनी उत्तर तोंडाने दिलं नाही. घरामागच्या वाडीत मका दाट झाला तिथली रोपं उपटून त्यांची हिरवी पेंडी रोज सकाळी काकांच्या गोठ्यात नेऊन टाकायला लागले. वाळक्या तणसावर जगणारी ती जनावरं आठवड्याभरात मामांची सायकल दिसली की हंबरायला लागली. काका कबूल झाले, पण एका अटीवर. “एक सालभर पाहू. मक्का चांगला आला, तर पुढच्या साली सारा पट्टा पेरून टाकू. नाही आला, तर ढोरं मोकळी. मंग नाव काढाचं नाही.”

त्या वर्षीची मामांची दोन एकर म्हणजे काय सांगू! काळपट हिरवी, सरळ ओळीत उभी. “एका सीटवर एकच पॅसेंजर,” म्हणत त्यांनी दोन रोपांतलं अंतर वीतभर काडीने मोजून ठेवलं होतं. आणि ते हिरवं स्वप्न अर्धं मी बुडवलं. अक्षरशः बुडवलं.

झालं असं, की पेन्शनच्या कागदासाठी मामांना दोन दिवस नागपूरला जावं लागलं. सगळ्या गावाने त्यांना पिशवी घेऊन बसमध्ये चढताना पाहिलं. मला म्हणाले होते, “मेडिकल, उद्या नहराचं पानी आपल्या पाळीवर हाय. तेवढं दे.” मी तिरोड्याकडच्या धानाच्या घरात वाढलेली मुलगी. पाणी देणं मला कोणी शिकवायचं? मी बांधीत पाणी घेतलं, धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, तोंड चिखलाने पक्कं बंद केलं, काठोकाठ भरलेली बांधी चकाकताना पाहून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि स्कुटीला किक मारली. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही. भरलेली बांधी आमच्या डोळ्यांना सुखच देते.

मका मात्र पाण्यात उभं राहायला जन्मलेला नव्हता. मामा परत आले तेव्हा खोलगट अर्ध्या भागातली पानं पिवळी पडायला लागली होती. त्यांनी मला फोन करून बोलावलं. मी पोचले तेव्हा ते पोटरीभर चिखलात उभे राहून धुरा फोडत होते. रागावतील म्हणून मी धुऱ्यावरच थांबले. ते एवढंच म्हणाले, “धान उभ्यानं पानी पेते व. याचे पाय बुडले का याचा जीव जाते.” मग वाहत्या पाण्याला फावड्याने वाट करून देत ते ओरडले, “चला, चला, पुढे सरका!” मला रडू फुटलं तशी म्हणाले, “कायले रडते? अर्धी गाडी तर वाचली ना.”

वाचलेल्या अर्ध्या भागात कणसं अशी भरली, की मुठीत मावेनात. उरलेल्या अर्ध्यात बोटाएवढी. गावाने पाहिली ती बोटाएवढीच. “धानाची माती हाय, तिले मक्का जमत नाही,” असा निकाल पानटपरीवर लागून गेला. मामांना पाण्याचं खरं कारण सांगता आलं असतं. पण ते नागपूरला होते हे साऱ्यांना ठाऊक होतं, मग पाणी कोणी तुंबवलं हा प्रश्न आपोआप माझ्यापाशी आला असता. माहेरवाशिणीच्या पोरीने मामाचं पीक बुडवलं, हे गाव वर्षानुवर्षं चघळत बसलं असतं. म्हणून त्यांनी एकच उत्तर धरून ठेवलं, “माज्यानं नाही जमलं.” ज्या मक्यासाठी हा माणूस इतका झुरला, त्याची बदनामी त्याने माझ्या नावासाठी मुकाट गिळली. मला हे त्यांनी सांगितलं नाही, मामीने सांगितलं. त्या दिवशी मला माझीच इतकी चीड आली, की घरी जाऊन मी जेवलेसुद्धा नाही.

पुढच्या दिवाळीला मामा आजारी पडले. पोटाचं दुखणं, अन्न जाईना. गोंदियाच्या दवाखान्यात भरती केलं. धान कापणी संपत आली होती, आणि ढोरं बांधायची की सोडायची हे ठरवायला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर संध्याकाळी बैठक होती. मामा मला म्हणाले, “तू जाजो. बोलू नको, फक्त आयकून येजो.”

मी गेले. कोणी तरी म्हणालं, “पाहून झालं ना सालभर? माती घेत नाही मक्का.” रूपचंदकाका मान हलवत होते. तेवढ्यात मी उभी राहिले. “मातीनं नाही झालं काका. पानी माज्या हातानं थांबलं. मामा नागपूरले होते.”

काकांनी सावकाश विचारलं, “बांधी भरून ठेवली होती?”

“हो.”

“धुरा बंद करून?”

“हो.”

काकांनी तंबाखू थुंकला आणि ते असे खदखदून हसले, की ओट्याखालचं कुत्रं उठून पळालं. “मंग तुजी काय चूक व पोरी? मी असतो तर मीबी हेच केलो असतो! पानी दिसलं का आपन अडवतोच!” आणि मग साऱ्या ओट्याने कबूल केलं, की आपणही तेच केलं असतं. हसणं ओसरल्यावर काकांनी उपरण्याने तोंड पुसलं. “सालभर बोलला नाही कंडक्टर,” ते म्हणाले. “मक्का निघेपर्यंत माजी ढोरं बांधली. बाकीच्यायनं आपलं आपलं सांगा.” सगळ्या पट्ट्यातली ढोरं बांधली गेली!

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी दवाखान्यात धावले. मामांना सलाईन लागलं होतं. मी सगळं एका दमात सांगितलं. ते आधी माझ्यावर भडकले, “तुले बोलू नको म्हनलो होतो ना!” मग त्यांचे डोळे भरले, आणि मग तो जुना उत्साह चेहऱ्यावर पसरला. बाटलीकडे बोट करून विचारतात कसे, “यात ग्लुकोज ना? म्हन्जे मक्काच! आता माज्या अंगात बी पुढं सरकून राहिला तो.” मोकळ्या हाताने त्यांनी पलंगाच्या दांड्यावर दोनदा टकटक केली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला.

पेरणी सुरू झाली त्याच आठवड्यात मामा गेले. विहारात पुण्यानुमोदनाला नहराकडचा सारा पट्टा आला होता, पायांची माती तशीच घेऊन. मी खूप रडले, आणि अजूनही रविवारी ओसरीवरून हाक आली नाही की मी पायरीशीच थांबते.

थंडीत एका रविवारी मी मामीला भेटून निघाले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका, जिथवर नजर जाईल तिथवर. रूपचंदकाका आपल्या बांधीत पाणी देत होते. त्यांचा हात सवयीने धुऱ्याचं तोंड बंद करायला गेला आणि तिथेच थबकला. त्यांनी तोंड मोकळं केलं, फावड्याने पाण्याला वाट दिली आणि रस्त्यावर थांबलेली मी न दिसल्याने, आजूबाजूला कोणी नाही असं समजून हळूच म्हणाले, “चला, चला, पुढे सरका.”

पाणी निघालं. मी स्कुटीच्या सीटवर दोनदा टकटक केली आणि कुडव्याचा रस्ता धरला.