पितृपक्षात उघडला जाणारा बायोडाटा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली, पण त्या मुलीचं प्रकरण अजून जसंच्या तसं समोर येतं. मी तेव्हा अमरावतीच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते.

शहराच्या कडेला भाजीचा मळा करणाऱ्या एका घरातली लग्नाची मुलगी एकाएकी दिसेनाशी झाली होती. बापानं तक्रार दिली नाही. उलट थोड्याच दिवसांत तिची तेरवी उरकली. मुलीच्या मामानं ठाण्यात येऊन लेखी दिलं की बापानंच तिला मारलं. आम्ही मळ्यातली विहीर उपसली, बांध उकरले. प्रेत मिळालं नाही. बाप एवढंच म्हणायचा, "माह्यी पोरगी मेली." कशी, ते सांगत नव्हता.

पितृपक्ष लागला तेव्हा एक गृहस्थ ठाण्यात आले. ते लोकांच्या वेबसाइटींना आपल्या कॉम्प्युटरवर भाड्यानं जागा द्यायचे. एका वधू-वर मंडळाची साइट त्यांच्याकडे होती.

"मॅडम, कोनाची साइट किती डेटा ओढीन, याचा अंदाज आमाले आधीच बांधा लागते," ते म्हणाले. "लग्नसराईत ही साइट लय चालते. पितृपक्षात सोयरीक कोन पायते? म्हून मी तिच्या वाट्याचा डेटा दुकानदाराइच्या साइटीले देऊन टाकला. अन् आता ते दुकानदार बोंबलून रायले, आमची साइट उघडत नाही म्हून. पाह्यलं तं एकाच पोरीचा बायोडाटा दिवसभर उघडून रायला. त्यात मोठा व्हिडिओ हाय, बाप तिची माहिती सांगते. पोरगी तं गेली म्हनतात न?"

"भुताले नेट कोन देते बे?" आमचे हवालदार हसले. मी व्हिडिओ लावायला सांगितला. नवी साडी नेसलेली मुलगी खाली पाहत उभी होती. शेजारी बाप सांगत होता, "पोरगी बोलते कमी, पन घर धरून रायते."

बापाकडे साधा बटनांचा मोबाइल. म्हणजे पाहणारा तो नव्हता. मला वाटलं, मारणारा दुसराच कोणी असेल आणि तोच तिला पाहत बसत असेल. मी इंटरनेट कंपनीला पत्र दिलं. उत्तर आलं, कनेक्शन अकोल्याचं, सोबत पत्ता. इकडे साहेबांनी बापाला चौकशीला बसवून ठेवलं होतं. संध्याकाळी अटक दाखवायची ठरलं होतं.

मी आणि हवालदार अकोल्याला गेलो. भर दुपार, भाड्याच्या खोल्यांचा जिना, कुठे माणूस नाही. वरच्या बंद दारामागून आवाज आला, "पोरगी बोलते कमी, पन घर धरून रायते." हवालदारांनी कठडा धरला. "मॅडम, त्याले तं आपन ठान्यात बसवून आलो."

आवाज थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

मी कडी वाजवली. दार तिनंच उघडलं. हात पिठाचे, कपाळाला कुंकू. मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला, त्यावर तोच व्हिडिओ. दुसऱ्या जातीच्या मुलाशी तिनं रजिस्टर लग्न केलं होतं.

"घरी फोन काहून नाही केला?" मी विचारलं.

"केला होता. बाबा म्हनले, राँग नंबर. म्हून मंग हेच आयकतो."

मी अटकेचं सांगितलं. ती हात न धुताच निघाली.

ठाण्यात बोलावून घेतलेल्या मामानं तिला ओळखलं आणि तो रडू लागला. ती बापासमोर उभी राहिली. "बाबा, मी हाओ." बापानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग मला म्हणाला, "मॅडम, ह्या बाईले मी नाही ओळखत. माह्यी पोरगी मेली."

"तुमची अटक हिच्यामुळे टळली," मी म्हणाले.

"कराची असन तं करा."

मामाच्या ओळखीवर आणि तिच्या जबाबावर प्रकरण बंद झालं. बाप चपला घालून गेला. ती दारातून बाजूला सरकली, त्याला वाट द्यायला.

तोपर्यंत मी समजत होते की माणूस जिवंत सापडला की पोलिसांचं काम फत्ते. तसं नसतं, हे तिथं कळलं. कागदावर मी लिहिलं, 'मुलगी मिळून आली.' लिहून खाली सही केली, आणि मान वर करायला मला बराच वेळ लागला. ती अजून दाराशीच उभी होती.