घरातला डॉक्टर

अंधेरीला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली तेव्हा मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "नंबर काढायचा, चष्मा द्यायचा. औषध लिहायचं नाही. तो अधिकार डॉक्टरांचा."

डोळे तपासण्याचा अभ्यासक्रम करूनच मी आलो होतो, त्यामुळे नियम मला ठाऊक होता. गावाला नव्हता. घराण्यातला पहिला शिकलेला मुलगा पांढरा कोट घालतो म्हटल्यावर गावाने मला डोळ्यांचा डॉक्टर करून टाकलं. वडील तर एसटीच्या कंडक्टरलाही सांगत. पोटाला चिमटा काढून शिकवलं त्यांनी, त्यांचा आनंद कशाला घालवा, असं मी स्वतःला समजावत असे. खरं म्हणजे मलाही ते ऐकायला आवडायचं.

दिवाळीनंतर आई गावाहून एकटीच आली, थेट दुकानात. डावा डोळा पदराने झाकलेला. भात झोडताना कुसळ गेलं होतं.

"कधी?"

"आठ-धा दिस झाले."

"तालुक्याच्या दवाखान्यात नाही गेलीस?"

"घरात डाक्टर आसताना दुसऱ्याच्या दारात कित्याक जाव? लोक हसतीत. घाल दोन थेंब."

मी बॅटरी धरून पाहिलं. बुबुळावर पांढरट डाग होता. शेजारच्या केमिस्टने लाली उतरवणारे स्टेरॉइडचे थेंब मला सहज दिले असते. आई मान मागे टाकून, डोळा कसाबसा उघडा ठेवून थेंबांची वाट बघत होती.

"आई, मला औषध देता येत नाही. मी डॉक्टर नाही."

तिने पदर पुन्हा डोळ्यावर ओढला. "मगे बापूस तुझो सगळ्यांक सांगता ता?"

रिक्षा करून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

ते म्हणाले, जखमेत बुरशी धरली आहे. मी त्या लाली उतरवणाऱ्या थेंबांचं विचारलं, तर म्हणाले, ते घातले असते तर डोळाच गेला असता. मग आईला विचारलं, "इतके दिवस का थांबलात, मावशी?"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "भाताची कामां होती."

डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं. गावात ती माझ्याबद्दल सांगायची, "झिलान डोळो वाचवल्यान." सुट्टीत घरी गेलो की जेवताना मी तिच्या उजव्या बाजूला बसत असे; तिथून ते फूल दिसत नसे.