तेवढी ओळ काढा

वरातीत सॅक्सोफोन वाजवून पोट भरतं आणि जॅझ वाजवून फक्त अहंकार, हे पुण्यातल्या हॉटेलांत दहा वर्षं घालवल्यावर मला कळलं. कळंबला परत आलो तो हा अहंकार सोबत घेऊनच. आपल्या भागातले रॅप करणारे चौघं गोळा केले आणि मिक्सटेप काढायचं ठरवलं. बोल त्यांचे, सूर माझे, आणि हुकूम अर्थातच माझा.

वरातीच्या बँडची वाद्यं ठेवायच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून आम्ही रेकॉर्डिंग करायचो. लिहून आणायचं नाही, हा माझा नियम. मी वाजवेन, त्यावर सुचेल ते बोलायचं आणि पहिल्यांदा आलं तेच ठेवायचं. चुकलं तरी चालेल. चुकलेली जागा मी पुन्हा वाजवायचो. दोन-तीनदा वाजवली की ऐकणाऱ्याला ती मुद्दाम केल्यासारखी वाटते. जॅझमध्ये यालाच हुशारी म्हणतात.

चौघांत तेरखेड्याची एक बाई होती. फटाक्याच्या कारखान्यात कागदाच्या नळ्या वळायची आणि वळता वळता यमकं जुळवायची. वर्षापूर्वी तिथल्या शेडला आग लागून तिची जाऊ गेली होती. शेडचं दार उघडं होतं, असा जबाब हिनंच पोलिसांना दिलेला. मालकानं तिला कामावर ठेवलं ते त्यामुळंच, हे ती एकदा बोलून गेली होती. त्यापुढं कधी बोलली नाही.

त्या दुपारी मी एक संथ सूर धरला. ती नळ्यांवर, फटाक्यांच्या दारूनं काळ्या पडलेल्या नखांवर बोलत होती. मध्येच अडखळली आणि म्हणाली, ‘‘दार भायेरनं लावल्यालं व्हतं.’’ मी वाजवतच राहिलो. अंगावर काटा आला, पण खरं सांगतो, तो तिच्या जावेसाठी नव्हता. असली ओळ आपल्या हाती लागली, म्हणून होता.

थांबल्याबरोबर ती माझ्याजवळ आली.

‘‘सर, तेवढी वळ काढा. बाकी समदं ऱ्हाऊ द्या.’’

‘‘अहो, तीच तर जिवंत आहे.’’

‘‘म्या जबाब दिलाय, सर. माजं काम जाईल.’’

बघतो, म्हणालो. बघितलं ते असं, की ती ओळ कापून चार ठिकाणी जोडली आणि तिचंच धृपद केलं.

मिक्सटेप मोबाइलवरून आठवडाभरात जिल्हाभर फिरली. एसटी स्टँडवर पोरं मला ओळखायला लागली, एका कॉलेजात हारही पडला. तेरखेड्यात मालकानं गाणं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी हिला येऊ नको म्हणून सांगितलं. पोलीस ठाण्यातूनही तिला बोलावणं आलं. मी घाईघाईनं नेटवरून गाणं काढून टाकलं, पण बैल गेला अन् झोपा केला. ते केव्हाच ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये जाऊन बसलं होतं.

माफी मागायला तिच्या घरी गेलो. मोटरसायकलवर बसून वाटभर वाक्यं जुळवत होतो. तिनं चहा दिला. चिडली असती तर बरं झालं असतं, पण चिडली नाही.

‘‘तोंडातनं निघालं ते खरंच हाय, सर,’’ ती म्हणाली. ‘‘जाऊ रोज सपनात येती. उद्या ठाण्यात जाऊन तेच सांगते. पर एकटीला लई भ्या वाटतंय. त्या गाण्यावर तुमचं नाव हाय, तुमी म्होरं असला की ऐकतील. येता का संगं?’’

मी कप खाली ठेवला. तिची सासू दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती.

‘‘उद्या सोलापूरला माझा कार्यक्रम आहे,’’ मी म्हणालो.

‘‘बरं. मोठा हाय का?’’

मी हो म्हणालो. सोलापुरात माझं काहीही नव्हतं.