बिनबाह्यांचं झबलं

लसीकरणाच्या बाकावर शेजारच्या बाईनं आपलं बाळ हळूच दुसऱ्या मांडीवर घेतलं. माझ्या नऊ महिन्यांच्या मुक्ताच्या गालांवरचे, कोपरांच्या घडीतले लाल चट्टे तिनं पाहिले होते. एरवी मी मुक्ताला लांब बाह्यांचं झबलं घालायचे. त्या दिवशी मुद्दामच बिनबाह्यांचं घातलं होतं.

"हे दुसऱ्याला लागत नाही हो, ॲलर्जी आहे," मी सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

निघताना सासूबाई दारात आडव्या आल्या होत्या. "अंगावर आधीच एवढं उठलंय, त्यात गोवराची सुई कशाला? कातडी बरी झाली की बघू." पण ही कातडी एका जागी बरी होते तोवर दुसरीकडे फुलते. ती नितळ होईपर्यंत गोवर थोडाच थांबणार होता? लोक माझ्या लेकीचं अंग पाहून सगळं ठरवून मोकळे होतात. निदान मी तरी तसं करणार नव्हते.

डॉक्टरांनी विचारलं, "आधीच्या लशींनंतर कधी धाप लागली, तोंड सुजलं?"

"नाही."

"मग चट्ट्यांसाठी थांबायचं काही कारण नाही."

सिस्टरनं दंडावरची स्वच्छ जागा शोधून सुई टोचली. मुक्तानं टाहो फोडला. पुढं अर्धा तास आम्ही तिथंच बसलो आणि ती खुशाल झोपून गेली.

घरी सासूबाईंनी दंड निरखून पाहिला. "आता ताप आला म्हणजे?"

"येऊ दे," मी म्हणाले. "तापाशी मी भांडेन. गोवराशी तिला एकटीला भांडायला लावणार नाही."