चुकीच्या जागी दिलेली टाळी

मुलीच्या लग्नाला वर्ष झालं तरी ती लालबागच्या आमच्या खोलीतच होती. जावई हॉलंडला नोकरीला. तिकडे राहायला जायचं तर आधी इथे डच भाषेची तोंडी परीक्षा पास व्हावी लागते. ती एकदा नापास झाली होती.

डचमध्ये दोन शब्द चिकटवून एक लांब शब्द करतात. इस्पितळ म्हणजे झीकनहाउस, झीकन आजारी आणि हाउस घर; पुस्तकांचं कपाट म्हणजे बूकनकास्ट. मी चाळीच्या भजनात टाळ वाजवतो. म्हटलं, टाळीवर बसवू. भजनात आम्ही तालासाठी शब्द हवा तिथे तोडतो आणि शेवटावर जोर देतो. तसंच केलं. झी, कन, हाउस. तिसरी टाळी मोठी. मुलगी परळच्या दवाखान्यात कामाला निघेपर्यंत रोज सकाळी हेच.

"ह्यांना तिकडे भजनी मंडळ काढायचंय," बायको चहा गाळत म्हणायची.

मग जावयाने तिथल्या शेजारणीकडून हे शब्द म्हणवून घेतले आणि रेकॉर्ड करून पाठवले. मुलीने ऐकले आणि फोन माझ्याकडे दिला.

"पप्पा, ही बाई वेगळंच बोलते का?"

मी तीनदा ऐकलं. बाई शब्द सांध्यावरच तोडत होती, आणि जोर पहिल्या तुकड्यावर होता. झीकन ठसठशीत, हाउस हलकं. मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं, कान तयार आहे माझा.

"घाईत बोलते ती," मी म्हणालो. "तू ताल सोडू नको."

पुढचे आठ दिवस मी चुकीच्या जागी टाळी देत राहिलो. तिने जाऊ नये, एवढंच मनात होतं. घरात बसवेना. करी रोडच्या पुलापर्यंत जायचो, बरोबर उच्चार पुटपुटत परत यायचो आणि तिला चुकीचा द्यायचो.

परीक्षेच्या आदल्या सकाळी सांगून टाकलं. ती केस विंचरत होती. हात थांबला.

"कधीपासून माहीत होतं?"

"आठ दिवस."

"मुद्दाम?"

"हो."

तिने दवाखान्यात फोन करून सुट्टी घेतली, कानात इयरफोन घातले आणि गॅलरीत जाऊन दिवसभर एकटी बोलत राहिली. संध्याकाळी मी विचारलं, "उद्या सोबत येऊ?"

"या. पण वाटेत काही बोलू नका."

निकाल अजून आलेला नाही. ती पास व्हावी म्हणून रोज देवापुढे हात जोडतो, आणि खरंच तेच मागतोय ना, म्हणून पुन्हा एकदा जोडतो.