कमलीच्या नावानं मी बसले

‘पदर घे तोंडावर अन् बस. आज तुझं पोट दुखून राहिलंय.’

आरोग्य उपकेंद्रातले साहेब म्हणाले. मी किनवटच्या जंगलातल्या एका तांड्याची आशा कार्यकर्ती. शहरातल्या डॉक्टरांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोज ठरावीक आकड्याइतके पेशंट दाखवायचे, असा वरून हुकूम. तांडा दिवसभर रानात. मग मला बसवायचे. रोज नव्या नावानं.

पहिल्या दिवशी मी म्हणाले, ‘साहेब, वळखतील ना.’

ते हसले. ‘तुम्ही तांड्यावरच्या बाया सगळ्या सारख्याच. कोण वळखतंय?’

अंगाचा तिळपापड झाला. तरी बसले. काम जाईल ही भीती, दुसरं काय.

एकदा कमलीच्या नावानं बसले. कमली माझी चुलत जाऊ, सातवा महिना. ‘काही त्रास?’ डॉक्टरांनी वर न बघताच विचारलं. ‘न्हाई,’ मी म्हणाले. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहिल्या. रक्तदाबाचा आकडा साहेबांनी मनानंच भरला.

दुसऱ्या दिवशी खरी कमली आली. तीन कोस चालत. तोंड सुजलेलं.

‘डोकं लई ठणकतंय. डोळ्यापुढं अंधारी येती.’

साहेबांनी रक्तदाबाच्या मशीनला हातसुद्धा लावला नाही. कॉम्प्युटरकडं बोट केलं. ‘कालच तपासलंय हिला. सगळं ठीक हाय. जा, गोळ्या खा.’

कमली माझ्याकडं बघत राहिली. ‘काल? काल तर म्या कापसात होते.’

मी गप्प राहिले. हे सांगायलाच हवं. एक शब्द बोलले असते तर मशीन लागलं असतं. मी जमिनीकडं बघत उभी होते.

तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. जीप मिळेपर्यंत दुपार झाली. किनवट यायच्या आतच ती गेली, पोटातल्या लेकरासकट. तिचं डोकं माझ्याच मांडीवर होतं.

तिचे दिवस झाले आणि मी कामावर गेले. साहेबांनी खुर्ची सरकवली. ‘कमली सोडून दुसरं नाव घेऊ. बस.’

मी बसले. पदर मागं टाकला.

पडद्यावर डॉक्टर आले. ‘काय होतंय?’

‘म्या पेशंट न्हाई. आशा हाय. कमली म्हणून म्याच बसले होते. ती मेली.’

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. तेवढ्यात साहेबांनी वायर उपटली. ‘माजलीस का गं?’

हो, माजले. उशिरा माजले, हीच लाज आहे.

तक्रार नांदेडला, जिल्ह्याच्या आरोग्य ऑफिसात, स्वतः नेऊन देणार आहे. त्यात साहेबांचं नाव आहे, आणि खोटं बोलणारी म्हणून माझंही. शिक्षा दोघांनाही होऊ दे. मला माझी सुटका नकोच आहे.